परकीय हात असतो, पण किती? (गुप्तचर अहवाल आणि क्रांतीचे अंदाज)

चौकस

सध्या रात्री जेवणं उरकली की शीतयुद्धाच्या काळातले, गुप्तता उठवलेले अमेरिकी गुप्तचर अहवाल वाचत बसतो. देश कुठलाही असो, साचा ठरलेला. सरकार डळमळीत आहे, विद्यार्थी चिडलेले आहेत, कामगार संघटना संपाच्या तयारीत आहेत, लष्करातले मधल्या फळीतले अधिकारी कुजबुजतायत. मग हमखास एक परिच्छेद येतो : अमुक क्रांतिकारी गटाला हवाना (म्हणजे क्यूबा) किंवा मॉस्कोकडून पैसा, प्रशिक्षण आणि शस्त्रं मिळत आहेत.

प्रश्न असा की या शेवटच्या परिच्छेदाला किती वजन द्यायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. हे परिच्छेद बरेचदा खरे असतात, आणि तरीही अहवालाचा निष्कर्ष फसतो. बोलिव्हिया आणि निकाराग्वा बघा. दोन्हीकडे क्यूबाचा हात होता, त्यात गुप्त असं काही उरलेलं नाही. बोलिव्हियात तर खुद्द चे गेव्हारा गेला आणि वर्षभरात संपला. निकाराग्वात चाळीस वर्षांहून जास्त टिकलेली सोमोसा घराण्याची सत्ता १९७९ मध्ये कोसळली. हात तोच, निकाल उलटा. मग त्या हाताने नेमकं काय सिद्ध होतं?

---

ठोकळा

पहिला! चटई टाकून बसलोय. खाष्टबुवा यायचे बाकी आहेत.

---

जुनी_फाईल

चांगला विषय. परकीय हात शोधण्याच्या नादात काय हुकतं याचा नमुना म्हणजे इराण.

ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयएच्या एका मूल्यमापनात लिहिलं होतं की इराण क्रांतीच्या उंबरठ्यावर नाही, क्रांतिपूर्व म्हणावी अशीही तिथली परिस्थिती नाही. सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्याने (डीआयए) त्यावर कडी केली : इराणचे राजे, म्हणजे शहा, पुढची दहा वर्षं सत्तेवर राहतील अशी अपेक्षा आहे. शहा १६ जानेवारी १९७९ला देश सोडून गेले. दहा वर्षं राहिली बाजूला, चार महिनेही नीट भरले नाहीत.

असं का झालं याची चिरफाड नंतर रॉबर्ट जर्व्हिस या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने सीआयएसाठीच केली. त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. विश्लेषकांनी धरून चालवलं होतं की शहाकडे प्रचंड फौज आहे, प्रकरण खरंच हाताबाहेर जायला लागलं तर तो ती वापरेल. शहा पूर्ण ताकदीने दडपशाही करत नव्हता. मग त्यांनी अर्थ काय काढला? तो अजून कडक होत नाहीये, म्हणजे परिस्थिती तेवढी गंभीर नाही! आता हे गृहीतक चुकीचं आहे हे कळणार कधी? सगळं संपल्यावरच. रोज येणारी बातमी त्याला बळकटीच देत राहते. शहाला कर्करोग आहे आणि तो मनाने खचलाय, ही गोष्ट तर त्यांच्या हिशेबातच नव्हती.

दुसरं म्हणजे अमेरिकी दूतावासाने विरोधकांशी संबंध ठेवलेले शहाला आवडत नसत, म्हणून ते जवळपास ठेवलेच नव्हते. देशातली खबर बरीचशी सावाककडून, म्हणजे शहाच्याच गुप्त पोलिसांकडून. आणि नजर कुणावर? मॉस्कोवर आणि डाव्यांवर. मशिदी-मशिदींतून शहाविरोधी धर्मगुरू खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट फिरत होत्या. त्या मॉस्कोहून येत नव्हत्या, त्यामुळे ठरलेल्या साच्यात बसत नव्हत्या.

---

मनमौजी

माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

जाता जाता, आपल्याकडेही हल्ली कुठलंही आंदोलन झालं की

*(उरलेला मजकूर संपादित. आजचं पक्षीय राजकारण या धाग्यावर नको, त्यासाठी वेगळी जागा आहे. – संपादक)*

---

ठोकळा

बघा, मनमौजींच्या प्रतिसादाचीही गुप्तता उठवावी लागणार. तीस वर्षांनी वाचू.

---

खाष्ट

आलो. सपशेल असहमत.

मागे वळून बघताना सगळेच शहाणे असतात. जे अंदाज बरोबर ठरले त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही. आणि 'परकीय हात' म्हटलं की उपरोधाने हसायची जी फॅशन आहे ना, ती मला भाबडी वाटते. अफगाणिस्तानात मुजाहिदीनच्या हातात १९८६ पासून विमानं पाडणारी अमेरिकी स्टिंगर क्षेपणास्त्रं आली, ती काय गावातल्या लोहाराने घडवली होती? निकाराग्वातच सोमोसानंतर आलेल्या डाव्या सँडिनिस्ट सरकारशी लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांचं घ्या. अमेरिकी पैसा बंद झाला असता तर ते किती दिवस टिकले असते? अमेरिकी संसदेने १९८४ मध्ये मदतीचा नळ बंद केला, तर रेगनच्या माणसांनी इराणला चोरून शस्त्रं विकून त्यातला पैसा कॉन्ट्रांकडे वळवला. एवढी धडपड कशाला केली असती, पैशाने फरक पडत नसता तर?

आणि सगळ्यात मोठं उदाहरण तर कुणी काढलंच नाही. एप्रिल १९१७ : लेनिनला स्वित्झर्लंडहून रेल्वेत बसवून आपल्या मुलखातून कुणी जाऊ दिलं? जर्मनीने. बोल्शेविकांपर्यंत, म्हणजे लेनिनच्या पक्षापर्यंत, जर्मन पैसाही पोचला. सहा-सात महिन्यांत रशियात त्यांची सत्ता. बोला आता.

---

अनुस्वार

बोलतो की.

लेनिन गाडीत बसला तेव्हा झार पदच्युत होऊन महिना होत आला होता. फेब्रुवारी क्रांती (आजच्या दिनदर्शिकेत मार्च) पेट्रोग्राडमधल्या पावाच्या रांगांतून, कारखान्यांतल्या संपांतून आणि गोळी झाडायला नकार देणाऱ्या शिपायांतून झाली. लेनिन तेव्हा झुरिकच्या वाचनालयात. त्याच वर्षी जानेवारीत त्याने तरुण समाजवाद्यांपुढे भाषण केलं. त्यात तो म्हणाला होता की येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया पाहायला आम्ही जुन्या पिढीतले कदाचित जिवंत नसू. म्हणजे ज्याचा हा पिढीजात धंदा, त्यालाही पुढच्या दोन महिन्यांतलं दिसत नव्हतं. मग सरकारी पगारावरच्या विश्लेषकाला काय दोष देणार?

आणि जर्मन हाताचे पुरावे म्हणून १९१८ मध्ये अमेरिकी सरकारने छापलेली सिसन कागदपत्रं माहीत असतीलच. लेनिन आणि त्याचा साथीदार ट्रॉट्स्की हे जर्मनीचे पगारी हस्तक आहेत, असं दाखवणारा गठ्ठा. तो बनावट होता. अमेरिकी मुत्सद्दी आणि इतिहासकार जॉर्ज केनन यांनी १९५६ मध्ये ते तपशीलवार दाखवून दिलं. गंमत बघा, जर्मनीची मदत खरी आणि ती सिद्ध करणारे कागद खोटे. मागणी असली की माल तयार होतोच.

---

दुर्बीण

अनुस्वार, मागणीचा मुद्दा पकडलात ते बरं केलंत. त्याच्याच पुढचं एक.

१९६७. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकेत मोर्चे निघतायत. अध्यक्ष जॉन्सन यांची पक्की खात्री की यामागे मॉस्को, पेकिंग किंवा हवाना असणार, आपली पोरं आपणहून असं करणार नाहीत. सीआयएला शोधायला सांगितलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये संचालक रिचर्ड हेल्म्स यांनी अहवाल दिला : काही नेत्यांचे परदेशी संपर्क आहेत, पण चळवळ बाहेरून चालवली जात असल्याचा पुरावा नाही.

साहेबांचं समाधान झालं नाही. पुन्हा शोधा. पुन्हा तेच उत्तर. मग निक्सन आले, त्यांनाही तेच हवं होतं. 'केऑस' नावाची ही मोहीम १९७४ पर्यंत चालली. सीआयएच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉकफेलर आयोगाने १९७५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा ७,२०० अमेरिकी नागरिकांच्या वेगळ्या फायली आणि संगणकात सुमारे ३ लाख नावं निघाली. एवढं होऊनही परकीय हात सापडला नाही तो नाहीच. शिवाय देशांतर्गत हेरगिरी करायची सीआयएला कायद्याने मुभाच नव्हती.

इथे विश्लेषक चुकले नव्हते, हे लक्षात घ्या. ते दर वेळी बरोबर उत्तर देत होते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको होतं, दुजोरा हवा होता.

---

बेरकी

साहेबांना पटेपर्यंत फाईल "फेरविचारार्थ" परत पाठवायची पद्धत तिकडेही आहे, हे वाचून ऊर भरून आला.

---

विदाप्रेमी

किस्से छान आहेत, पण थोडा विदा (डेटा) बघू या का?

१९९४ मध्ये सीआयएच्याच पैशावर एक अभ्यासगट सुरू झाला. आधी नाव होतं 'राज्य-अपयश कृतिदल', नंतर 'राजकीय अस्थिरता कृतिदल'. गटात बाहेरचे प्राध्यापक होते. कुठल्या देशात यादवी किंवा राजवट कोसळण्यासारखं काही होईल, हे दोन वर्षं आधी सांगता येईल का, एवढाच प्रश्न. शेकडो घटक तपासले. २०१० मध्ये जॅक गोल्डस्टोन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रारूपात शेवटी चारच घटक उरले : राजवटीचा प्रकार, बालमृत्युदर, शेजारी देशांतले सशस्त्र संघर्ष आणि एखाद्या समाजगटाविरुद्ध सरकारी भेदभाव. एवढ्यावर ८० टक्क्यांहून जास्त अचूकता.

यात परकीय मदतीचा रकाना नाही, हे चौकस यांच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. शेजार पेटलेला असणं हा घटक आहे, पण अमक्या महासत्तेने पैसे दिले का, हे विचारावंच लागलं नाही.

राजवटीच्या प्रकारातली मेख अशी की पक्की हुकूमशाही बऱ्यापैकी स्थिर, पक्की लोकशाहीही स्थिर. सगळ्यात धोक्यात मधले. म्हणजे निवडणुका होतात, पण प्रत्येक गट 'जिंकलो तर सगळं आमचं' अशा तयारीने उतरतो, असे देश.

---

खाष्ट

विदाप्रेमी, बालमृत्युदर बघून 'हा देश धोक्यात आहे' एवढं कळेल. कोण येणार, कधी येणार, आणि आल्यावर कुणाच्या बाजूला झुकणार? राष्ट्राध्यक्षाला सकाळी सात वाजता ते हवं असतं.

---

विदाप्रेमी

मान्य. प्रारूप जोखीम सांगतं, तारीख सांगत नाही.

---

अनामिका

तारीख कुणालाच का सांगता येत नाही यावर तिमुर कुरान या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं मला पटतं. दडपशाहीत लोक आपलं खरं मत शेजाऱ्यापासूनही लपवतात. त्यामुळे सरकारला, विरोधकांना, हेरांना आणि खुद्द लोकांनाही एकूण किती जण विटलेत याचा अंदाज नसतो. पहिले काही जण रस्त्यावर टिकून राहिले की उरलेल्यांना कळतं, अरे, आपण एकटे नाही. मग ते भराभर पसरतं. जी माहिती कुणाकडेच नाही ती हेर चोरणार कुठून?

२५ जानेवारी २०११ला इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख अविव्ह कोचावी संसदीय समितीपुढे म्हणाले की इजिप्तच्या राजवटीच्या स्थैर्याची सध्या काळजी नाही. त्याच दिवशी कैरोत निदर्शनांना सुरुवात झाली. इजिप्तचे अध्यक्ष मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाले. ट्युनिशियात तिथले हुकूमशहा बेन अली पळून दहा-अकरा दिवस झाले होते, म्हणजे इशारा नव्हता असंही नाही.

---

ठोकळा

हवामान खात्यासारखं "तुरळक ठिकाणी क्रांतीची शक्यता" असं लिहून टाकायचं. चूकच निघत नाही.

---

जुनी_फाईल

ठोकळा, हसू नकोस, हे खरंच घडलंय.

मार्च १९५१. युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाचा हल्ला होईल का, यावर अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज तयार झाला. त्यात लिहिलं, हल्ला ही 'गंभीर शक्यता' मानावी. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सीआयएच्या अंदाज मंडळातल्या शर्मन केंट यांना सहज विचारलं, म्हणजे किती हो? केंट म्हणाले, ६५-३५, हल्ला होण्याच्या बाजूने. तो गृहस्थ चपापला, त्याच्या खात्यात सगळ्यांनी याहून बरंच कमी धरलं होतं. केंटही अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्याच मंडळातल्या सहकाऱ्यांना विचारलं. एकाच्या मनात २०-८०, दुसऱ्याच्या ८०-२०, बाकीचे मध्ये कुठे कुठे. सगळ्यांनी एकमताने सही केलेला अहवाल!

हल्ला झाला नाही, ते वेगळं.

---

मनमौजी

आता राजकारण नाही, इतिहास विचारतो, संपादक महोदय कात्री खाली ठेवा. ज्याला पोसलं तो गट पोसणाऱ्याचं ऐकतो, हे गृहीत कुठून आलं? श्रीलंकेतल्या तमिळ गटांना १९८०च्या दशकात भारतानेच प्रशिक्षण दिलं. त्यातल्याच लिट्टेशी १९८७ पासून भारतीय शांतिसेनेला लढावं लागलं, हजाराहून अधिक जवान गेले. पुढे मे १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या. पैसे आणि बंदुका कुणाच्या हे माहीत असून, गट कुणाचा हे कळलं असं होत नाही.

---

दुर्बीण

+१. हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

अहवालात 'क्यूबा-समर्थित' असं विशेषण एकदा चिकटलं की पुढचा वाचणारा 'क्यूबा-नियंत्रित' असंच वाचतो. मधलं अंतर कुणी मोजत नाही.

---

चौकस

दोन दिवस फिरकता आलं नाही, धागा छान पळवलात. मूळ उदाहरणांवर येतो.

बोलिव्हियात चेचा गट पन्नासएक माणसांचा. ३१ डिसेंबर १९६६ला बोलिव्हियन कम्युनिस्ट पक्षाचा नेता मारिओ मोन्हे न्यांकावासूच्या तळावर येऊन त्याला भेटला. म्हणाला, माझ्या देशात लढा आहे तर नेतृत्व माझं. चे म्हणाला, लष्करी नेता मीच. मोन्हे निघून गेला, आणि पक्षाची मदत तिथेच आटली. शेतकरी तर फिरकलेच नाहीत. १९५३च्या जमीन सुधारणेत बऱ्याच जणांना जमिनी मिळाल्या होत्या, अध्यक्ष बारियेंतोस त्यांच्याशी केचुआ या स्थानिक भाषेत गप्पा मारायचा. चेच्या माणसांनीही केचुआचे धडे गिरवले, पण ते होते त्या भागात बोलायचे ग्वारानी! चेच्या डायरीत महिन्याअखेरचे आढावे आहेत, त्यात शेतकरी सामील होत नाहीत हे रडगाणं पुन्हा पुन्हा येतं. ८ ऑक्टोबर १९६७ला त्याला पकडलं ते अमेरिकनांनी प्रशिक्षण दिलेल्या बोलिव्हियन रेंजर्सनी. परकीय हात दोन्हीकडे होता म्हणा ना.

निकाराग्वात १९७२च्या भूकंपात मानाग्वा जमीनदोस्त झालं आणि परदेशातून आलेल्या मदतीवर सोमोसाच्या गोतावळ्याने हात मारला. तिथून व्यापारी वर्गही बिथरला. जानेवारी १९७८ मध्ये वृत्तपत्र-संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांचा खून झाल्यावर देशभर संप झाला, तो धंदेवाल्यांनी पुकारलेला. सँडिनिस्टांच्या तीन तटांना मार्च १९७९ मध्ये एकत्र आणण्यात कॅस्ट्रोचा वाटा होता, खरंय. पण मदत व्हेनेझुएला, पनामा, कोस्टा रिका यांनीही केली, आणि ते कुणी कम्युनिस्ट नव्हते. अहवालांची नजर मात्र हवानावर खिळलेली.

म्हणून हल्ली मी वाचताना परकीय हाताचा परिच्छेद पेन्सिलीने खोडतो आणि उरलेला अहवाल वाचतो. उरलेल्यातही सरकार कोसळताना दिसत असेल तर ते बाहेरच्यांशिवायही कोसळलं असतं. उरलेल्यात काहीच दिसत नसेल तर बोलिव्हिया.

---

खाष्ट

पेन्सिल चांगली आहे, पण एल साल्वादोरला चालवून बघा.

परिच्छेद खोडला तरी देश पेटलेलाच दिसतो. जमीन मूठभर घराण्यांकडे, आणि मार्च १९८० मध्ये आर्चबिशप रोमेरो यांना प्रार्थनेच्या वेळी गोळी घातलेली. तुमच्या कसोटीने सरकार पडायला हवं. जानेवारी १९८१ मध्ये गनिमांनी 'अंतिम चढाई' केली, ती फसली. फेब्रुवारीत अमेरिकेने श्वेतपत्रिका काढली की हे सगळं क्यूबा आणि सोव्हिएतांचं कारस्थान. अमेरिकी वृत्तपत्रांनीच काही महिन्यांत तिच्यातल्या चुका आणि ताणलेले निष्कर्ष चव्हाट्यावर आणले. पण शस्त्रं येत होती हे खोटं नव्हतंच. पलीकडे सरकारला अमेरिकेचे अब्जावधी डॉलर. म्हणून युद्ध चाललं जवळपास १२ वर्षं, ७५ हजारांच्या घरात माणसं मेली. तह झाला जानेवारी १९९२ मध्ये, जेव्हा सोव्हिएत संघच उरला नव्हता आणि निकाराग्वात सँडिनिस्ट निवडणूक हरले होते.

राग देशी होता, मान्य. पण तो बारा वर्षं पुरवला बाहेरच्यांनी, दोन्ही बाजूंच्या. युद्ध किती लांबेल याचा अंदाज करायला बसलात तर तो परिच्छेद खोडून कसं चालेल?

---

चौकस

हे घेतलं. म्हणजे सरकार का डळमळतंय याला एक वाचन, आणि लढाई किती चालेल याला दुसरं. अहवाल दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळतात, तिथे गोची होते.

---

अनामिका

खाष्ट आणि चौकस सहमत? स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी.

---

दुर्बीण

खाष्टबुवांची सुरुवातीची तक्रार होती की बरोबर ठरलेल्या अंदाजांवर कुणी बोलत नाही. घ्या एक.

ऑक्टोबर १९९०चा अमेरिकी राष्ट्रीय गुप्तचर अंदाज, देश पुन्हा युगोस्लाव्हिया. वर्षभरात संघराज्य म्हणून चालणं बंद होईल आणि दोन वर्षांत बहुधा फुटेल, असं स्वच्छ लिहिलंय. 'गंभीर शक्यता' वगैरे भानगड नाही. जून १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं.

---

खाष्ट

आणि त्यात परकीय हाताचा परिच्छेद?

---

दुर्बीण

आहे की, उलट्या बाजूने. अमेरिका आणि तिच्या युरोपीय मित्रांना ही एकी टिकवण्यासाठी फारसं काही करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. वॉशिंग्टन तेव्हा कुवेतमध्ये गुंतलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नाही.